यार्डातला बैल : ब्रिटिश रेल्वेचे ‘क्लास ०८’

रेल्वेच्या प्रवाशाला लक्षात राहते ते त्याची गाडी ओढून नेणारे इंजिन. गाडीचे डबे कुणी जोडले, ते फलाटाला कुणी आणून लावले, रात्री कुठल्या बाजूच्या रुळावर नेऊन ठेवले, याची चौकशी तो करीत नाही आणि त्याला तसे कारणही नसते. गाडी वेळेवर लागली की तो आत शिरतो आणि खिडकीजवळची जागा पकडतो. या लेखात आम्ही अशा एका इंजिनाची हकीकत सांगणार आहोत, ज्याने आपली सारी हयात दुसऱ्यांच्या गाड्या लावण्यात घालविली आणि ज्याच्या नावाने कधी कुठली एक्स्प्रेस धावली नाही.

ब्रिटनमध्ये दीर्घकाळ वास्तव्य असलेल्या आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी हे इंजिन पाहिलेले आहे. एखाद्या मोठ्या जंक्शनवर गाडी बदलताना, पलीकडच्या रुळावर एक बुटके, चौकोनी इंजिन चार-सहा रिकामे डबे ढकलीत चाललेले दिसे. अंगावर ब्रिटिश रेल्वेचा निळा रंग, दोन्ही टोकांना गांधीलमाशीसारखे काळेपिवळे पट्टे, चाकांना जोडलेले लोखंडी दांडे खालीवर फिरत आहेत आणि चाल अशी की शेजारून सायकलवाला सहज पुढे जावा. हेच ब्रिटिश रेल्वेचे ‘क्लास ०८’ डिझेल-इलेक्ट्रिक शंटिंग इंजिन. १९५२ ते १९६२ या दहा वर्षांत अशी ९९६ इंजिने बांधली गेली. ब्रिटनमध्ये कुठल्याही एका वर्गाची इतकी डिझेल इंजिने दुसरी झाली नाहीत. डार्बी, डार्लिंग्टन, क्रू, डॉन्कास्टर आणि हॉर्विच हे रेल्वेचे स्वतःचे पाच कारखाने या कामाला लागले होते.

शंटिंग म्हणजे काय?

आपल्याकडे ‘शंटिंग’ हा शब्द इतका रुळला आहे की त्याला मराठी प्रतिशब्द शोधण्याच्या भानगडीत कुणी पडले नाही. उलट ‘वॅगन’चे मात्र आपण ‘वाघीण’ करून टाकले! गाडी तयार करणे आणि गाडी मोडणे, ही शंटिंगची सोपी व्याख्या. मालगाडी यार्डात आली की तिच्या वाघिणी सुट्या करायच्या, कुठली कुठे जायची ते पाहून सांधे बदलीत वेगवेगळ्या रुळांवर त्या लावायच्या आणि त्यांतून नव्या गाड्या जुळवायच्या. प्रवासी गाडीचे रिकामे डबे धुण्यापुसण्यासाठी न्यायचे आणि परत फलाटाला आणायचे. नादुरुस्त डबा काढून त्या जागी चांगला घालायचा. हे सगळे काम रात्रंदिवस चालते. ते बिघडले तर मुख्य मार्गावरची सर्वांत वेगवान गाडीसुद्धा जागची हलत नाही.

मुंबईकरांना तर या कामाचा इतिहास घरचाच आहे. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती १६ एप्रिल १८५३ रोजी, हे शाळेतले पोरही सांगेल. पण त्याच्या चौदा महिने आधी, फेब्रुवारी १८५२ मध्ये, मुंबईत एक इंजिन चालू लागले होते. त्याचे नाव ‘फॉकलंड’. तेव्हाच्या गव्हर्नरांवरून ठेवलेले. या मार्गाच्या ठेकेदाराने ते शंटिंगच्या कामाला लावले होते. म्हणजे मुंबईच्या रेल्वेचा श्रीगणेशा प्रवासी गाडीने झाला नाही, शंटिंगने झाला. त्या इंजिनाला तोफांची सलामी मिळाली नाही, एवढेच.

ज्यांचे बालपण मध्य रेल्वेच्या आसपास गेले त्यांना ‘खेकडा’ही आठवेल. बोरघाटात मालगाड्या ओढण्यासाठी १९२८ पासून आणलेली ती लांबलचक विजेची इंजिने. चाकांचे दांडे बाहेरून फिरताना दिसत म्हणून, आणि चालण्याच्या चमत्कारिक आवाजामुळे, लोकांनी त्यांना हे नाव दिले. म्हातारपणी यांतली काही इंजिने व्हीटीच्या यार्डात डबे हलवीत असत. ‘क्लास ०८’ पाहिल्यावर मुंबईच्या माणसाला ओळखीचे काहीतरी वाटते, ते त्या बाहेरून फिरणाऱ्या दांड्यांमुळे.

कोळशाकडून डिझेलकडे

वाफेच्या काळात शंटिंगसाठी लहान टाकीची इंजिने वापरीत. त्यांची अडचण अशी की शंटिंगच्या इंजिनाचा बराच वेळ नुसते उभे राहण्यात जातो. सांधा बदलेपर्यंत थांबा, दुसरी गाडी जाईपर्यंत थांबा, काठीवाल्याने खूण करेपर्यंत थांबा. वाफेचे इंजिन उभे असले तरी त्याची भट्टी पेटलेलीच ठेवावी लागते. कामाच्या कित्येक तास आधी आग घाला, मधूनमधून राख काढा, पाणी भरा, कोळसा भरा. शिवाय ड्रायव्हरबरोबर फायरमनही हवा. काम थोडे आणि खर्च अखंड, असा तो व्यवहार होता.

१९३० नंतरच्या दशकात लंडन मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वेने या प्रश्नाचा पिच्छा पुरविला. निरनिराळ्या कारखान्यांकडून डिझेलची इंजिने घेऊन तिने ती यार्डात राबवून पाहिली. त्यांत इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीच्या यंत्रावर चालणारे इंजिन उजवे ठरले. डिझेल दिवस-रात्र सलग काम करी, काम नसले की नुसते बंद करून ठेवता येई आणि एका माणसाच्या हाताने चाले. महायुद्धात या घराण्यातली इंजिने लष्करानेही वापरली. १९४८ साली ब्रिटनच्या साऱ्या रेल्वे सरकारच्या मालकीच्या झाल्या, तेव्हा नव्या ब्रिटिश रेल्वेला शंटिंगचे प्रमाण-इंजिन नव्याने शोधावे लागले नाही. पंधरा वर्षे घासूनपुसून पारखलेला नमुना समोर होता. त्यातच थोडी सुधारणा करून १९५२ साली १३००० क्रमांकाचे पहिले इंजिन डार्बीच्या कारखान्यातून बाहेर पडले. ‘०८’ ही ओळख त्याला मिळाली ती १९७० नंतरच्या दशकात, रेल्वेचा हिशेब संगणकावर गेल्यानंतर.

एक गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. १९५२ मध्ये ब्रिटिश रेल्वे मुख्य मार्गासाठी अजून वाफेचीच नवी इंजिने बांधीत होती आणि १९६० पर्यंत बांधीत राहिली. वाफेच्या जमान्याचा शेवट आधी आला तो यार्डात, कोणाचे फारसे लक्ष नसताना.

बैल आणि घोडा

या इंजिनाची रचना समजायला कठीण नाही. लांबट नाकाडाखाली सहा सिलिंडरांचे डिझेल यंत्र असते. ते चाके स्वतः फिरवीत नाही. ते जनित्र फिरविते. जनित्राची वीज दोन मोटरींना जाते. एक मोटर पुढच्या आसाला आणि एक मागच्या आसाला जोडलेली. मोटर आणि आस यांच्यामध्ये दातेरी चाकांच्या दोन जोड्या आहेत, त्यामुळे मोटर भरभर फिरली तरी आस सावकाश, पण प्रचंड जोराने फिरतो. मधल्या आसाला मोटर नाही. तो त्या बाहेरच्या दांड्यांनी दोन्ही शेजाऱ्यांबरोबर ओढला जातो. अशा रीतीने सहाही चाके एकदम रुळाला चिकटून जोर लावतात. इंजिनाचे वजन सुमारे पन्नास टन, कमाल वेग ताशी १५ मैल, काहींचा २०. ड्रायव्हरला दोन्ही बाजूंनी डोकावून पाहता यावे म्हणून गाडी चालविण्याची साधने खोलीच्या डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही अंगांना ठेवलेली आहेत.

शक्ती आणि ओढ या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे समजायला याच कंपनीच्या दुसऱ्या इंजिनाशी तुलना करावी. इंग्लिश इलेक्ट्रिकने १९६१-६२ मध्ये लंडन-एडिंबरो मार्गासाठी ‘डेल्टिक’ वर्गाची २२ इंजिने बांधली. शक्ती ३३०० अश्वशक्ती, वेग ताशी १०० मैल. त्या काळी ती रेल्वेची शान होती आणि त्यांना रेसच्या घोड्यांची व पलटणींची नावे दिलेली होती. आमच्या ‘क्लास ०८’ची शक्ती जेमतेम ४०० अश्वशक्ती, म्हणजे डेल्टिकच्या आठव्या हिश्शाएवढी. पण जागेवरून ओढ घेण्याची ताकद पाहिली तर डेल्टिकची ५०,००० पौंड आणि ‘क्लास ०८’ची ३५,००० पौंड! शक्ती एक अष्टमांश आणि ओढ मात्र दहा आणे-बारा आण्यांच्या घरात. आपल्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. शर्यतीचा घोडा मोटेला जुंपून चालत नाही; तिथे बैलच लागतो.

आणि टिकाऊपणा? अखेरच्या डेल्टिक १९८२ सालच्या जानेवारीत सेवेतून गेल्या. जेमतेम वीस वर्षांची कारकीर्द. ‘क्लास ०८’ची पहिली काही इंजिने सत्तरी ओलांडूनही चालू स्थितीत आहेत. त्याचे गुपित असे की या यंत्राला कधी दमेपर्यंत पळविलेच नाही. सावकाश फिरणारे जाडजूड यंत्र, साधी रचना आणि जवळजवळ हजार इंजिनांना एकच सुटा भाग चालतो, ही सोय. याच सांगाड्यात दुसऱ्या कंपन्यांची यंत्रे घालून दीडशेहून अधिक सावत्र भावंडेही बांधली गेली होती, पण ती विसाव्या वर्षापर्यंतही टिकली नाहीत. वेगळे यंत्र म्हणजे वेगळे सुटे भाग, वेगळे कारागीर, ते परवडेना. उलट जिथे थोडा अधिक वेग हवा होता तिथे केवळ दातेरी चाकांचे प्रमाण बदलून ‘क्लास ०९’ची २६ इंजिने केली, ती ताशी २७ मैल जात आणि बाकी सर्व भाग तेच.

हॉलंडच्या राष्ट्रीय रेल्वेने आणि ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या रेल्वेनेही याच घराण्यातली इंजिने इंग्लिश इलेक्ट्रिककडून घेतली. आपल्या देशाचेही या कंपनीशी नाते आहे. डेल्टिक जिथे बांधल्या तो न्यूटन-ल-विलोजचा व्हल्कन फाउंड्री कारखाना. बोरीबंदर-ठाणे मार्गासाठी पहिली आठ इंजिने तिथूनच आली, खेकड्यांपैकी बरेच तिथे तयार झाले आणि १९५४-५५ साली मुंबई-पुणे मार्गासाठी विजेची इंजिनेही तिथूनच रवाना झाली.

काठीवाले

इंजिनाबरोबर माणसांचीही आठवण ठेवली पाहिजे. ड्रायव्हर वर बसलेला असे, पण गाडी जोडणारा माणूस खाली रुळांत उभा असे. त्याच्या हातात टोकाला आकडा असलेली लांब काठी. त्या काठीने तो चालत्या वाघिणींची साखळी अडकवी किंवा सोडवी. दिवसा हाताच्या खुणा, रात्री कंदील. धुके पडले, रूळ निसरडे झाले, पाऊल जरा चुकले, की दोन डब्यांच्या धक्क्यांमध्ये माणूस सापडे. रेल्वेच्या साऱ्या कामांत हे सर्वांत धोक्याचे म्हणून गणले जाई. अपघातांची संख्या इतकी होती की ब्रिटिश पार्लमेंटला १९०० साली रेल्वे कामगारांच्या सुरक्षिततेसाठी खास कायदा करावा लागला.

१९५० आणि १९६० च्या दशकांत या देशात आलेल्या आपल्या भारतीय बांधवांपैकी, तसेच वेस्ट इंडिजच्या लोकांपैकी कित्येकांना रेल्वेने काम दिले. पण कुठले काम? लंडनच्या युस्टन स्थानकावर गोऱ्या नसलेल्या माणसाला झाडलोट आणि मजुरी करण्याची मुभा होती. गार्ड किंवा तिकीट तपासनीस म्हणून लोकांसमोर उभे राहण्याची नव्हती. डॉमिनिका बेटावरून आलेले अॅस्क्विथ झेवियर हे गार्ड १९६६ साली मॅरिलबोनहून युस्टनला बदली मागत होते. रंगामुळे ती नाकारली गेली. प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेले, बंदी उठली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झेवियर युस्टनवर रुजू झाले. नोकरीतला वर्णभेद कायद्याने बंद झाला तो पुढे १९६८ साली. लोकांच्या नजरेआडचे काम चालेल, नजरेसमोरचे नको, ही ती वृत्ती होती. आम्हाला हे आठवते, कारण यार्डाचा विचार करताना आपण नेहमी इंजिनाचाच करतो. अंधारात कंदील हलविणारा हात कुणाचा होता, हे विचारीत नाही.

काम आटले

‘क्लास ०८’ची संख्या पुढे कमी होत गेली. इंजिन निकामी झाले म्हणून नव्हे, तर त्याचे कामच आटत गेले म्हणून. हा भाग आम्हाला सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो.

१९५५ च्या आधुनिकीकरण योजनेत ब्रिटिश रेल्वेने मोठमोठी यार्डे बांधायला घेतली. वाघिणी एका कृत्रिम टेकाडावर ढकलायच्या आणि तिथून उताराने त्या आपापल्या रुळावर घरंगळत जायच्या, अशी योजना. शेफील्डजवळचे टिन्स्ले यार्ड १९६५ साली सुरू झाले. त्या टेकाडावर जड गाड्या चढविण्यासाठी एक ‘क्लास ०८’ कमी पडे आणि मोठे लांब इंजिन टेकाडाच्या माथ्यावर पोटाला टेकण्याची भीती. म्हणून दोन-दोन ‘क्लास ०८’ कायमची जोडून, त्यांतल्या एकाची ड्रायव्हरची खोली काढून टाकून, तीन जोड्या केल्या. त्यांना ‘क्लास १३’ म्हणत. १९८५ साली त्याही मोडीत निघाल्या.

कारण यार्डे उभी राहत होती तोवर मालच रस्त्याकडे वळला होता. १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर शेकडो स्थानके आणि मालधक्के बंद झाले. एक-दोन वाघिणी भरून माल पाठविणारा लहान व्यापारी लॉरीकडे गेला. रेल्वेकडे राहिले ते कोळसा, खडी, तेल आणि कंटेनर. म्हणजे एका ठिकाणी भरून दुसऱ्या ठिकाणी रिकामी होणारी अखंड गाडी. ती मध्ये तोडावी-जोडावी लागत नाही. सुट्या वाघिणींची शेवटची मोठी सेवा ‘स्पीडलिंक’ १९९१ साली बंद झाली. प्रवासी गाड्यांचेही तेच. १९७६ साली दोन्ही टोकांना इंजिन असलेली हाय स्पीड ट्रेन धावू लागली. शेवटच्या स्थानकावर ड्रायव्हर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जातो आणि गाडी परत निघते. नवे इंजिन जोडायला नको, डबे काढायला नकोत, बाजूला उभे राहून वाट पाहणारे शंटिंगचे इंजिन नको.

प्रवाशाची सोय झाली, वेळ वाचला, धोक्याचे काम कमी झाले. याबद्दल वाईट वाटण्याचे कारण नाही. पण यार्डामागे यार्ड बंद झाले तेव्हा काठीवाला, सांधेवाला, वाघिणींची नोंद ठेवणारा कारकून, यांचे कसबही बाद झाले. तीस वर्षे ज्याने अंधारात केवळ आवाजावरून वाघिणीचा वेग ओळखला, त्याच्या त्या विद्येला दुसरीकडे गिऱ्हाईक नव्हते. आपल्याकडे गिरणगावात जे झाले ते पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

गोष्टीतला खलनायक

या इंजिनाला एकदाच प्रसिद्धी मिळाली आणि तीही वाईट! रेव्हरंड ऑड्री यांच्या थॉमस इंजिनाच्या गोष्टी आपल्या घरातल्या लहान मुलांना पाठ आहेत. १९५८ सालच्या पुस्तकात त्यांनी ‘डिझेल’ नावाचे एक गोडबोले, कारस्थानी पात्र आणले. ते रंगविले ते याच वर्गाच्या इंजिनावरून. वाफेच्या इंजिनांवर प्रेम करणाऱ्यांना त्या काळी हे काळे, तुकतुकीत इंजिन घरात शिरलेल्या परक्यासारखे वाटत असले पाहिजे. वाफेची नोकरी खाणारे ते हेच, असे त्यांना वाटले तर नवल नाही.

काळाचा न्याय मात्र पाहण्यासारखा आहे. हौशी मंडळींनी जतन केलेल्या ब्रिटनमधल्या अनेक जुन्या रेल्वेंवर आज ‘क्लास ०८’ हटकून असते. तिथे रविवारी पाहुण्यांसमोर मिरविते ते वाफेचे इंजिन. पण त्याआधी सकाळी त्याचे डबे लावून ठेवणारे आणि वाफेचे इंजिन मध्येच बंद पडले तर त्याला ओढून आणणारे, हेच गोष्टीतले दुष्ट ‘डिझेल’! यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयानेही आपल्या संग्रहात या वर्गाचे एक इंजिन घेतले आहे.

कामातूनही ते पुरते गेलेले नाही. गाड्यांच्या दुरुस्तीच्या कारखान्यांत, काही मालयार्डांत आणि खाजगी रुळांवर हजारातली काही डझन इंजिने अजून राबत आहेत. एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यायचे झाले, तर त्याचा वेग मुख्य मार्गाला परवडत नाही, म्हणून त्याला मोठ्या ट्रेलरवर चढवून मोटाररस्त्याने नेतात. डिझेलच्या धुराचा आता सर्वत्र तिटकारा आहे. तेव्हा त्याच जुन्या सांगाड्यात यंत्राऐवजी बॅटरी बसविण्याचे प्रयोगही अलीकडे झाले आहेत. सांगाडा, चाके आणि दातेरी चाकांची जोडी तीच ठेवून आतला प्राण बदलायचा. सत्तर वर्षांपूर्वी ज्यांनी ते बेतले त्यांच्या कामाला याहून मोठी पावती कोणती?

सुट्टीत मुलाबाळांना घेऊन एखाद्या जुन्या रेल्वेवर जाणाऱ्या वाचकांना आमची एकच सूचना. वाफेच्या इंजिनाशेजारी फोटो काढून झाला की यार्डाच्या टोकापर्यंत चालत जावे. तिथे काळ्यापिवळ्या पट्ट्यांचे एक इंजिन यंत्र चालू ठेवून कुणाच्या तरी खुणेची वाट पाहत उभे असेल. त्याच्या खाली, रुळांच्या मधोमध, पिवळे जाकीट घातलेला एक माणूसही असेल. मुलांना दोघेही दाखवावेत.